बाद चादरी

११ फेब्रुवारी

उद्या फुग्या सुटतोय.

ही डायरी औषध कंपनीच्या माणसानं वाटली होती. पानापानावर खाली रक्तदाबाच्या गोळीची जाहिरात आहे. आमच्या हॉस्पिटलातल्या सिस्टर म्हणाल्या, तुमचं प्रेशर गोळीनं उतरत नाही, डोक्यात साचतं ते लिहून काढा. बघू लिहून.

फुग्या माझा धाकटा भाऊ. लहानपणी गाल टम्म फुगलेले म्हणून फुग्या. ही त्याची चौथी खेप होती. पहिल्यांदा सायकली, मग एका दुकानाचं शटर, मग बंद घर, आणि या वेळी परत बंद घर. दारू नाही, मारामारी नाही. घराला कुलूप दिसलं की याचे हात शिवशिवतात. का रे असं करतोस, म्हणून एकदा विचारलं होतं. तर म्हणाला, "ताई, आत शिरलं की इतकं शांत असतं ना." यावर काय बोलणार, कपाळ!

त्याची मुलगी माझ्याकडे असते. तो दुसऱ्यांदा आत गेला तेव्हा बायको निघून गेली. तिनं दुसरीकडे संसार थाटला आणि पोर माझ्या पदरात पडली. एवढीशी होती, म्हणून टिल्ली. आता माझ्याहून वीतभर उंच आहे. आमच्या घरातली नावं अशीच, काही वर्षांनी उलटी पडतात. फुग्याची तर गालफडं बसलीत.

माझं लग्न ठरलं होतं, ते त्याच्या पहिल्या खेपेत मोडलं. आता त्याचं काही नाही. टिल्ली मिळाली, सगळं भरून पावलं.

टिल्ली म्हणाली, मी पण येते बाबांना आणायला. म्हटलं काही नको, परीक्षा तोंडावर आली आहे. तिनं परत विचारलं नाही. शहाणी आहे.

बाहेरच्या खोलीत त्याची गादी घातली. खोळ नव्हती, म्हणून हॉस्पिटलातल्या बाद चादरीची शिवून घातली. मी तिथल्या धुलाई विभागाची प्रमुख आहे. चादर फाटली की तिच्यावर 'बाद' असा शिक्का मारतो, मग त्या चिंध्यांच्या भावानं जातात. त्यातल्या दोनचार घरी आल्या तर कोण विचारतंय. आमच्या घरातली सगळी फडकी तिथलीच.

१२ फेब्रुवारी

आणला त्याला.

तुरुंगाच्या मोठ्या दारात एक छोटं दार आहे. त्यातून वाकून बाहेर आला. हातात कापडी पिशवी. हसला तर पुढचा एक दात नाही.

"दात कुठे गेला?"

"आतच राहिला. त्याची शिक्षा बाकी आहे."

मला हसू आलं, मग स्वतःचाच राग आला. दरवेळी हे असंच होतं. शिव्या पाठ करून जावं आणि हा दारातच हसवतो.

शिक्षा संपलेली नाही. उरलेलं दीड वर्ष अटीवर बाहेर काढायचं आहे. जामीन म्हणून माझी सही आहे. राहणार माझ्या घरी, काम करणार, दर आठवड्याला चौकीत हजेरी. कुणाची एक तक्रार आली की परत आत, आणि उरलेलं सगळं भोगायचं.

घरी आलो तर टिल्ली स्वयंपाकघराच्या दारात उभी. तो नुसता बघत राहिला.

"केवढी झालीस," म्हणाला.

"तुम्ही चहा घेणार का?" ती म्हणाली. पाहुण्याला विचारावं तसं. मला बरं वाटलं. म्हणजे बरं असं नाही, पण एकदम गळ्यात वगैरे पडली असती तर ते शोभलं नसतं.

चहा पिताना त्यानं कप दोन्ही हातांत धरला होता. टिल्ली ते बघत होती.

१५ फेब्रुवारी

त्याला घरचे नियम सांगून टाकले. सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घरात. जाताना कुठे, कुणाकडे, ते सांगायचं. जुन्या दोस्तांपैकी कुणी दारात दिसता कामा नये. आतल्या खोलीत टिल्ली अभ्यास करते, तिथे जायचं नाही. कपाटाला कुलूप असेल, त्याचा राग मानायचा नाही.

तो ऐकून म्हणाला, "ताई, तिथे रविवारी तरी सवलत असायची."

टिल्ली फिसकन हसली. मी नाही हसले.

त्याचे कपडे धुवायला घेताना खिसे बघते. त्याच्यावर संशय म्हणून नाही, ती माझ्या धंद्याची सवय आहे. डॉक्टरांच्या कोटाच्या खिशात सुया निघतात, कात्र्या निघतात. फुग्याच्या खिशात निघाला टिल्लीचा लहानपणचा फोटो. कडा मऊ पडलेला. परत ठेवून दिला.

२७ फेब्रुवारी

चौकीतून शिपाई चौकशीला आला. शेजारचं दार उघडलं ते तो जाईपर्यंत मिटलं नाही. शिपायानं गादी उलटून बघितली. फुग्या मदत करत होता, "इकडून धरा साहेब, तिकडची शिवण सैल आहे." टिल्ली आत पुस्तक घेऊन बसली होती. पान उलटल्याचा आवाज आला नाही.

असे शिपाई मी किती पाहिले. पहिल्या खेपेला आई होती. डब्यातलं पीठसुद्धा उपसून बघितलं होतं त्यांनी. आई ते जमिनीवरून गोळा करत बसली, चाळून परत भरलं. आई त्यानंतर फार जगली नाही.

५ मार्च

हॉस्पिटलच्या भांडाराच्या साहेबांना खूप विनवून फुग्याला आमच्याच विभागात चिकटवलं. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या शब्दावर घेतो. तुमच्यासारखी चोख बाई दुसरी नाही." बावीस वर्षांची चोखपणाची कमाई मी या पठ्ठ्यावर लावली.

काम ओल्या चादरी मशीनमधून काढून ट्रॉलीत भरायचं. ओली चादर काय जड असते ते करणाऱ्यालाच कळतं. पहिल्या दिवशी त्याचे खांदे उतरले. संध्याकाळी घरी आला आणि न जेवता झोपला. टिल्लीनं त्याच्या अंगावर पांघरूण घातलं. मी सांगितलं नव्हतं.

१४ मार्च

सगळ्यांना आवडायला लागलाय. इस्त्रीवाली मावशी, जी मला कधी दात दाखवत नाही, ती याच्या विनोदांवर इस्त्रीच्या टेबलाला टेकून हसते. म्हणते, "अगं, हा तुझा सख्खा भाऊ? मग तू अशी कशी?"

शिवणाची मशीन कधीची बंद होती, ती यानं उघडून चालू केली. तुरुंगात शिवणखात्यात होता. आता चादरींचे फाटके काठ हाच दुमडून शिवतो. बाद होणाऱ्या चादरींमधल्या निम्म्या वाचल्या. साहेब खूश. मी त्याला सांगितलं, फार पुढे पुढे करू नकोस. लोकांची दृष्ट लागते आणि मग बोट दाखवतात.

"बोट दाखवायचं ते दाखवतीलच," तो म्हणाला. "तोवर शिवतो."

२३ मार्च

टिल्लीची परीक्षा संपली. फुग्याला आज सुट्टी होती. दुपारी डोकं दुखायला लागलं म्हणून लवकर घरी आले, तर आतून दोघांच्या हसण्याचा आवाज. मी दार ढकललं आणि दोघं गप्प. कांदा चिरत होते. तो तिला शिकवत होता, डोळ्यांत पाणी येऊ न देता कसा चिरायचा ते.

"काय झालं हसायला?"

"काही नाही आत्या."

काही नाही म्हणजे काहीतरी असणारच. या घरात इतकी वर्षं आम्ही एकमेकींपासून काही लपवलं नाही. चौदा वर्षांत मी तिला इतक्या मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. मुलीच्या जातीला इतकं खिदळणं बरं नाही, हे तिला नीट समजावून सांगायला हवं.

डोकं अजून दुखतंय.

२९ मार्च

टिल्ली त्याला आता 'अहो बाबा' म्हणत नाही. 'ए बाबा' म्हणते.

६ एप्रिल

जेवताना फुग्या म्हणाला, "ताई, तुझ्यावर किती दिवस भार टाकू? हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एक खोली बघितली आहे. एकच आहे, पण खिडकी मोठी. चौकीत विचारलं, पत्ता कळवला तर चालतं म्हणाले."

म्हटलं, "चांगलं आहे. पायावर उभा राहतोयस. आणि टिल्ली?"

तो टिल्लीकडे बघायला लागला. टिल्ली ताटाकडे.

"ती म्हणते, मी पण येते," तो म्हणाला. "रोज तुझ्याकडे येऊन जाईल. दोन गल्ल्या तर आहेत. ताई, तू तिला वाढवलंस, तुझी परवानगी असेल तरच."

मी म्हटलं, "माझी परवानगी कशाला? पोर तुझी आहे."

टिल्लीनं मान वर केली आणि म्हणाली, "खरंच आत्या?" तिचा चेहरा असा उजळला की तिच्याकडे बघवेना. मी पाणी आणायला उठले.

मला काही वाटलं नाही. रक्ताची ओढ असते, कोण नाकारतंय. मुली आज ना उद्या जायच्याच.

आज ऑपरेशनच्या खोलीतून आलेल्या एका चादरीवर औषधाचा तपकिरी डाग होता. गार पाणी, मग सोडा, मग परत गार पाणी. गरम पाणी घातलं की डाग कायमचा बसतो, नवीन मुलींना कितीदा सांगितलं. स्वतः घासत बसले. गेला नाही.

९ एप्रिल

आज जे केलं ते कर्तव्य म्हणून केलं. इथे नीट लिहून ठेवते.

दुपारी शिवणाच्या टेबलाखाली वाकून बघितलं तर एक गठ्ठा. बाद शिक्क्याच्या चादरी, नीट घडी घालून, त्यावर फुग्याची पिशवी. मी गठ्ठा उघडून बघितला नाही. हातही लावला नाही.

मावशीनं बघितलं. म्हणाली, "त्याला मीच म्हटलं ने म्हणून. बाद माल आहे. सगळेच नेतात."

"सगळ्यांचं वेगळं, त्याचं वेगळं," मी म्हटलं.

"अगं, ताई ना तू त्याची? बाजूला घेऊन दोन शिव्या घाल, ऐकेल."

ही मला शिकवणार. ज्याच्या अंगावर चार शिक्षा आहेत त्यानं विचारल्याशिवाय दोराही उचलता कामा नये. आज बाद चादर, उद्या धड चादर, परवा औषधाचं कपाट. शब्द मी दिला होता. उद्या साहेबांनी मला विचारलं असतं, बाई तुम्हाला माहीत होतं का, तर काय सांगितलं असतं?

साहेबांकडे गेले. ते जरा हसलेच. म्हणाले, "एवढंच ना? पाठवा त्याला, मी झापतो. विषय संपला."

मी म्हटलं, नियमानं लेखी देते.

ते गंभीर झाले. "बाई, विचार करा. लेखी आलं की मला ते दाबता येत नाही, वर कळवावं लागतं. तो अटीवर सुटलेला माणूस आहे. तोंडी सांगितलंत, तेवढं पुरे आहे."

मी म्हटलं, "भाऊ आहे म्हणून सोडलं असं कुणी म्हणायला नको."

कागद त्यांच्याच टेबलावर होता. लिहून दिला. तारीख घातली, खाली सही केली.

घरी टिल्ली फुग्याला म्हणत होती, "खिडकीत मी एक रोप ठेवणार." मी जेवायला वाढलं. फुग्याला भाजी आवडली. दोनदा घेतली.

१० एप्रिल

सकाळच्या पाळीतच आले. दोन शिपाई. मशीनचा आवाज इतका असतो की सुरुवातीला कुणाला कळलंच नाही. मग एकेक मशीन बंद होत गेली.

फुग्यानं हात पुसले. पळाला नाही. एवढंच म्हणाला, "मशीनची सुई काढून ठेवा कुणीतरी, वाकडी झाली आहे."

शिपायानं टेबलावर गठ्ठा उघडला. आत पडदे होते. बाद चादरींचे चांगले चांगले भाग कापून, जोडून शिवलेले. काठाला सगळीकडे निळी पट्टी, ऑपरेशनच्या जुन्या कपड्यांची असावी. एक मोठा, एक छोटा. आणि एक उशीचा अभ्रा, त्यावर निळ्या दोऱ्यानं काहीतरी काढलेलं, पक्षी की पान ते मला कळलं नाही.

पडदे कुठल्या खिडकीचे ते मी कशाला विचारू?

नेताना त्यानं माझ्याकडे बघितलं. मी सरळ उभी होते. त्याला वाटलं असेल की मला धक्का बसलाय. म्हणाला, "ताई, बस खाली. तुझं प्रेशर वाढेल."

दुपारपर्यंत सगळं काम वेळेवर पूर्ण झालं. एकाही वॉर्डाला चादर कमी पडली नाही.

१२ एप्रिल

बाबाला नेलं एवढंच टिल्लीला माहीत होतं. लेखी तक्रारीचं मावशीनं सांगितलं. मला वाटलं होतं मीच सावकाश सांगेन.

ती आली, चप्पल न काढता आत आली. "तक्रार कुणी केली?"

"टिल्ली, बस. तू लहान आहेस."

"कुणी केली आत्या?"

"नियम असतो. मी प्रमुख आहे. उद्या माझ्यावर..."

तिनं बाहेरच्या खोलीतली गादी ओढत माझ्यासमोर आणली. खोळीच्या कोपऱ्यावर शिक्का होता, धुऊन फिका पडलेला. त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही कुठली?"

"त्याची गोष्ट वेगळी आहे," मी म्हटलं.

"हो ना. त्याला खोली मिळाली होती, ही वेगळी गोष्ट."

माझा हात उठला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. लागलं असं नाही, नुसता उठला, गालाला जरा टेकला. ती रडली नाही. कपडे भरले आणि मावशीकडे गेली.

मी म्हटलं, "कुठे जातेस, जेवून तरी जा."

पोरं अशीच असतात. डोकं थंड झालं की येईल.

१३ एप्रिल

आली नाही.

१९ एप्रिल

मावशी कामाला येते, इस्त्री करते, जाते. माझ्याशी कामापुरतं बोलते. पूर्वीही तेवढंच बोलायची, पण आता ते ऐकू येतं.

विचारलं, "ती जेवते का?"

"जेवते."

"माझ्याबद्दल काही?"

"काही नाही म्हणत."

गादीची खोळ काढून टाकली. दुसरी घालायला कापड नव्हतं. फडकी पण सगळी गोळा केली, मग लक्षात आलं की ओटा पुसायला घरात काही उरणार नाही. परत ठेवली.

रोज कणीक दोघींची मळली जाते. हाताला माप बसलंय. उरलेली सकाळी मीच खाते.

२८ एप्रिल

साहेबांनी बोलावलं होतं. वरिष्ठांनी माझी तारीफ केली म्हणे. स्वतःच्या भावालाही न सोडणारी बाई. साहेब सांगताना माझ्याकडे न बघता कागद सारखे करत होते.

कुणाला तरी सांगावं म्हणून बाहेर आले तर तिथे सांगण्यासारखं कुणी नव्हतं.

४ मे

तुरुंगात जाऊन आले. भेटीची रांग तीच, बाकडी तीच. पूर्वी मी या रांगेत मान खाली घालून बसायचे. आज नाही घातली. माझं काही चुकलेलं नाही.

फुग्याला परत पूर्ण दीड वर्ष आत काढायचं आहे. चोरीचा खटला वेगळा. जाळीच्या पलीकडे बसला होता. दाढी वाढलेली. मला बघून उठून उभा राहिला.

"आलीस होय. मला वाटलं नाही येणार." मग म्हणाला, "टिल्ली कशी आहे?"

मी म्हटलं, "ती मावशीकडे राहते. माझ्याशी बोलत नाही. फुग्या, तिचं पुढचं शिक्षण आहे, तिथे दाटीवाटीत ती किती दिवस काढणार? माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल. तू सांग तिला."

"काय सांगू?"

"घरी जा म्हणून."

तो जाळीत बोट घालून बसला होता. बोटाला सुई टोचल्याच्या खुणा आहेत, बारीक बारीक.

"मावशी तिला घेऊन येणार आहे शनिवारी," तो म्हणाला. "सांगतो."

मला एकदम हायसं वाटलं. म्हटलं, "तुला काही हवंय का? साबण, बनियन?"

"नको." मग म्हणाला, "ताई, एक विचारू? मावशी सांगत होती, साहेब तुला म्हणाले होते ना की तोंडी सांगून भागेल?"

रागानं नाही विचारलं. एखाद्याची तब्येत विचारावी तसं विचारलं. तेवढ्यात वेळ संपल्याची हाक आली आणि मी उठले. उत्तर देणारच होते मी. हाक पलीकडच्या खिडकीसाठी होती, आमची वेळ अजून बाकी होती, हे बाहेर आल्यावर कळलं. पण परत आत सोडत नाहीत.

बाहेर उन्हात उभी होते तेव्हा वाटलं, लहानपणी तो कधी खोटं बोलायचा नाही. वाटी फोडली तर स्वतः येऊन सांगायचा. मार मीच द्यायचे. आई म्हणायची, अगं, त्यानं सांगितलं ना, मग कशाला मारतेस? हे आज का आठवलं कोण जाणे.

७ मे

आज शनिवार. दिवसभर कान दाराकडे. मावशी कामावर नव्हती.

कुणी आलं नाही.

८ मे

आली टिल्ली.

संध्याकाळी कामावरून परतले तर पायरीवर बसलेली, शेजारी बॅग.

"किल्ली नाही का तुझ्याकडे?"

"आहे."

"मग बाहेर का बसलीस?"

तिनं बॅगचा पट्टा हातात घेतला. मी दार उघडलं तेव्हा उठली.

तिच्या आवडीचं केलं सगळं. अंडी केली, बटाटा परतला. ताटात वाढलेलं तिनं सगळं खाल्लं, टाकलं काही नाही. वाळली आहे. मावशीकडे काय खात होती देव जाणे.

म्हटलं, "भेटलीस ना? काय म्हणाला बाबा?"

"म्हणाला, आत्यानं तुला वाढवलं. ती एकटी पडली तर मला आत झोप लागणार नाही. परत जा म्हणाला."

"आणखी?"

"आणखी काही नाही. म्हणून आले."

म्हणून आले. असं म्हणायला नको होतं तिनं. पण लहान आहे अजून, कुठे काय बोलावं ते कळत नाही. आणि खरं सांगायचं तर फुग्यानंही शेवटी शहाणपण दाखवलं. त्याला कळलंय की पोर कुठे सुखात राहील. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझं काहीतरी ऐकलं.

जेवण झाल्यावर तिनं भांडी घासली, ओटा पुसला. मी म्हटलं, राहू दे, तर नाही म्हणाली. मग तिनं विचारलं, "आत्या, दर महिन्याला मी बाबाला भेटायला गेले तर चालेल का?"

"जा की. मी कशाला अडवेन? मी पण येईन तुझ्याबरोबर."

"बरं," म्हणाली. पूर्वी ती 'का' म्हणून विचारायची.

अंथरूण मीच घालून दिलं. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. पांघरूण घालताना बघितलं तर जागी होती, पण डोळे उघडले नाहीत तिनं. मीही हाक मारली नाही. दमली असेल.

घर कसं भरल्यासारखं वाटतंय आज.

दाराला आतून कडी घातली, त्या कडीला वेगळं कुलूपही लावलं. किल्ली खिळ्याला अडकवणार होते. मग उशीखाली घेतली.